पेच वर, हिसका खाली

सुरत म्हटले की मराठी माणसाला आधी १६६४ चा जानेवारी आठवतो. किल्ल्यात दडून बसलेला मोगल सुभेदार इनायतखान, दारे लावून घेतलेल्या वखारी आणि शहराबाहेर उतरलेली शिवाजी महाराजांची फौज. त्याच्या बारा वर्षे आधी याच शहरात आणखी एक गोष्ट घडली होती. तिचा ना आवाज झाला, ना कुठल्या बखरीने तिची दखल घेतली. जेरेमी शेकर्ली नावाच्या पंचविशीतल्या इंग्रजाने ३ नोव्हेंबर १६५१ रोजी सुरतेत दुर्बिणीच्या साहाय्याने सूर्य न्याहाळला आणि त्या तेजस्वी बिंबावर एक बारीकसा काळा ठिपका पाहिला.

तो ठिपका म्हणजे बुध. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये बुध नेमका एका रेषेत आला की तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो. याला अधिक्रमण म्हणतात. शेकर्लीने गणित मांडून ठेवले होते की या वेळचे अधिक्रमण युरोपात दिसणार नाही, कारण तिथे तेव्हा रात्र असेल. ते दिसणार होते आशियात. बुधाला सूर्यावरून जाताना पाहण्याची मानवी इतिहासातली ही दुसरी खेप. पहिली खेप पॅरिसमध्ये १६३१ साली पिएर गासेंदीने साधली होती. दुर्बिणीतून भारतात झालेल्या अगदी सुरुवातीच्या खगोलनिरीक्षणांत सुरतेचे हे निरीक्षण मोडते. उपयोग मात्र फारसा झाला नाही. बुध बिंबावर आला कधी आणि बाहेर पडला कधी, या दोन्ही वेळा शेकर्लीला नोंदवता आल्या नाहीत, आणि वेळेशिवाय अशा निरीक्षणाला शास्त्रात किंमत नसते. काही वर्षांतच तो हिंदुस्थानातच वारला.

पण सूर्यावरचा काळा ठिपका बुधाचाच, दुसऱ्या कशाचा नाही, हे ओळखायचे कसे? ही शंका वाटते तितकी भाबडी नाही. खुद्द केप्लर इथे फसला होता. १६०७ मध्ये अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून पाडलेल्या सूर्याच्या प्रतिमेवर त्याला एक काळा ठिपका दिसला आणि त्याने तो बुध म्हणून जाहीर केला. तो होता सूर्यावरचा डाग. गासेंदीची गंमत उलटी झाली. त्याला बुध दिसला आणि क्षणभर वाटले की हा डागच असावा.

शेकर्लीला ही अडचण येण्याचा संभव कमी होता, कारण त्याच्या काळात सूर्यावर डाग जवळजवळ नव्हतेच. साधारण १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यबिंब विलक्षण स्वच्छ राहिले. शिवाजी महाराजांची जवळजवळ सगळी कारकीर्द या निर्डाग सूर्याखाली गेली. त्यातून कुठला अर्थ काढायचा नाही, पण योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. या कालखंडाला आज ‘मॉन्डर किमान’ म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते एडवर्ड मॉन्डर आणि त्यांची पत्नी ॲनी हे दोघेही महाराष्ट्रात येऊन गेले आहेत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी वऱ्हाडातल्या तळणीला मुक्काम ठोकला होता. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला उपकरणे घेऊन गेले होते. तळणीच्या मुक्कामात मॉन्डर दांपत्याबरोबर जॉन एव्हरशेड नावाचा आणखी एक हौशी निरीक्षक होता. त्याची गाठ पुढे पडणार आहे.

डाग म्हणजे नेमके काय, हे सांगायला स्वयंपाकघरातले पातेले पुरेसे आहे. वरण रटरटू लागले की खालचे गरम वरण वर येते, निवते आणि कडेने पुन्हा खाली जाते. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग असाच रटरटत असतो. फक्त त्यातला एकेक बुडबुडा सुमारे हजार किलोमीटर रुंद असतो आणि दहाएक मिनिटांत विरतो. या उकळीमुळे आतली उष्णता वर पोचते आणि पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस राहते. काही ठिकाणी मात्र आतून चुंबकीय क्षेत्राची जाड मोळी वर येते आणि ही उकळी दाबून टाकते. तिथे उष्णता कमी पोचते, तापमान ३,५०० ते ४,००० अंशांपर्यंत उतरते आणि भोवतालच्या झगझगाटात तो भाग काळा दिसतो. काळा म्हणजे तुलनेने काळा. तोच डाग एकटा काढून रात्रीच्या आकाशात ठेवला तर पौर्णिमेच्या चंद्राला लाजवील.

डागाच्या मधल्या गडद भागाला प्रच्छाया म्हणतात. भोवतीची फिकट, तंतूतंतूंची झालर म्हणजे उपच्छाया. प्रच्छायेत चुंबकीय रेषा जवळजवळ उभ्या असतात, झालरीत त्या बाहेरच्या बाजूला कलंडत जातात. या झालरीतून वायू सतत बाहेरच्या दिशेने वाहत असतो, हे १९०९ मध्ये कोडाईकनालच्या वेधशाळेत सापडले. शोधणारा तोच, तळणीचा एव्हरशेड. तोवर तो कोडाईकनालला नोकरीला लागला होता. या प्रवाहाला जगभर आजही ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणतात. नायगामवालांच्या पुण्याच्या वेधशाळेची मोठी दुर्बीणही, भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून आलेली वीस इंची, १९१२ मध्ये कोडाईकनाललाच गेली. पुण्याचे नुकसान झाले खरे.

एव्हरशेडने हा प्रवाह शोधला तेव्हा डागांमध्ये चुंबकत्व आहे हे कळून जेमतेम वर्ष झाले होते. हॉलंडमध्ये पीटर झेमान यांना १८९६ साली आढळले की प्रकाश देणारा वायू चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवला तर त्याच्या वर्णपटातली रेघ रुंदावते, फाटते. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये डागाच्या प्रकाशात तशाच फाटलेल्या रेघा पाहिल्या. रेघ किती फाटली यावरून क्षेत्र किती बळकट ते मोजता येते. ते निघाले सुमारे ३,००० गॉस. महाराष्ट्रात होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसलाही पोचत नाही. इस्पितळातले एमआरआय यंत्र डागाहून पाचपट बळकट असते, पण त्याच्या पोकळीत एक माणूस मावतो. डागात अख्खी पृथ्वी मावते.

इतक्या मोठ्या जागेत इतके चुंबकत्व कोंडले की त्यात अफाट ऊर्जा साठते. ती कधीकधी भडकते.

हा भडका पहिल्यांदा पाहिला गेला १ सप्टेंबर १८५९ रोजी. लंडनच्या दक्षिणेला रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन हा बिअर-कारखानदाराचा मुलगा आपल्या खासगी वेधशाळेत सूर्यडागांच्या एका मोठ्या समूहाचे चित्र काढत होता. चित्र पुरे होत आले असताना समूहाच्या मधोमध दोन ठिकाणी पांढरा प्रखर उजेड फुटला. साक्षीला कोणीतरी हवे म्हणून तो धावत गेला. मिनिटाभरात परत येतो तर उजेड ओसरू लागला होता. पाच मिनिटांत सगळे संपले. लंडनच्याच हायगेट भागात रिचर्ड हॉजसन यांनीही तो उजेड पाहिला होता, म्हणून कॅरिंग्टनवर विश्वास ठेवला गेला.

त्यानंतर कॅरिंग्टनने केलेली गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एवढा भडका उडाला म्हणजे डागांची मोडतोड झालीच असणार, असे धरून त्याने आपले आधी काढलेले चित्र डागांशी ताडून पाहिले. काहीही बदलले नव्हते. एक रेषासुद्धा नाही. तो चकित झाला आणि त्याने निष्कर्ष काढला की भडका डागांमध्ये नव्हे, डागांच्या बराच वर कुठेतरी उडाला असावा. निष्कर्ष बरोबर होता. पण ‘डागांना काही झाले नाही’ हा त्याचा अर्धा भाग पुढे जवळजवळ दीडशे वर्षे शास्त्रज्ञांच्या डोक्यात घर करून बसला.

भडक्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला तडाखा बसला. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजले जात होते. कागदावर आपोआप रेघ काढणारी यंत्रे नव्हती. टांगलेल्या चुंबकाची हालचाल माणसे डोळ्यांनी वाचून वहीत उतरवत. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी चुंबक सैरभैर झाले. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळला, म्हणजे जवळपास चार टक्क्यांनी. त्या चुंबकीय वादळाची अशी सविस्तर आणि विषुववृत्ताजवळची नोंद जगात फार थोड्या ठिकाणी राहिली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लाखिना आणि सहकाऱ्यांनी ब्रूस त्सुरुतानी यांच्याबरोबर त्या वह्या पुन्हा उघडल्या, आणि कुलाब्याचे आकडे जगभर पोचले.

या वेधशाळेत सुरुवातीच्या काळात, १८४० पासून, एक सोळा वर्षांचा मराठी मुलगा मदतनीस होता. केरो लक्ष्मण छत्रे. पुढे हेच केरूनाना टिळकांचे गणिताचे गुरू झाले. ते मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या तारांच्या चुंबकत्वाने मोजमापे बिघडू नयेत म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये हलवली गेली ती अलिबागला. केरूनाना तेव्हा हयात नव्हते.

इथे एक गल्लत टाळायला हवी. कुलाब्याचे चुंबक हलले ते कॅरिंग्टनने पाहिलेल्या उजेडाने नाही. सौरज्वालेचा, म्हणजे अशा भडक्याचा, प्रकाश आणि क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात. त्याबरोबर पुष्कळदा सूर्यापासून चुंबकत्वाने भारलेल्या वायूचा प्रचंड लोट सुटतो आणि तो मागाहून येतो, एरवी दोनतीन दिवसांनी. १८५९ चा लोट साडेसतरा तासांत येऊन धडकला होता. ज्वाला आणि लोट ही भावंडे आहेत, पण एकच नव्हेत. ज्वालेचे पृथ्वीवर काय परिणाम होतात यावर आजवर ढीगभर लिहिले गेले. जिथे ज्वाला पेटते तिथे, त्या डागांत, ती काय करून जाते, हे विचारायचे मात्र राहून गेले.

आधी ज्वाला पेटते कशी ते पाहू. त्यासाठी सुरतेत उत्तरायणाच्या दिवशी जावे. १४ जानेवारीला सगळे शहर गच्चीवर असते. उधना-लिंबायतच्या चाळींवर खानदेशातून येऊन यंत्रमागावर राबणारी मराठी माणसेही फिरकी धरून उभी असतात. सुरतेचा मांजा तर नावाजलेलाच. दोन पतंगांचे मांजे एकमेकांवर चढले की पेच लागतो. घासाघीस होते, ताण वाढतो, आणि एका क्षणी काहीतरी तुटते.

डागांवर उभ्या राहिलेल्या चुंबकीय रेषांचेही असेच होते. उत्तर ध्रुव असलेल्या एका डागातून निघालेल्या रेषा कमान करून दक्षिण ध्रुव असलेल्या दुसऱ्या डागात उतरतात. खालचा वायू हलत-सरकत असतो, डाग एकमेकांना घासून जातात, त्यामुळे कमानींचे पाय सरकतात आणि कमानींना पीळ पडत जातो. दिवसचे दिवस पीळ भरत राहतो. शेवटी वर, हजारो किलोमीटर उंचीवर, उलट दिशेच्या दोन रेषा एकमेकींना भिडतात आणि पेच लागतो. पतंगांच्या पेचाहून इथे एक फरक आहे. मांजा तुटला की लोंबत राहतो. चुंबकीय रेषेला मोकळे टोक ठेवता येत नाही, म्हणून तुटलेल्या दोन्ही रेषा एकमेकींची टोके घेऊन नव्याने जुळतात. नव्या जोडणीत पीळ कमी असतो. सुटलेल्या पिळातली ऊर्जा काही मिनिटांत बाहेर पडते, वायू एक-दोन कोटी अंशांपर्यंत तापतो. हीच सौरज्वाला. मोठ्या ज्वालेची ऊर्जा १० चा २५ वा घात ज्यूल इतकी असते. भारतात वर्षाला साधारण पावणेदोन लाख कोटी युनिट वीज तयार होते. त्या हिशेबाने एका मोठ्या ज्वालेची बरोबरी करायला देशातल्या सगळ्या वीजकेंद्रांना पंधरा लाखांहून अधिक वर्षे लागतील.

मग खाली काही होत नाही? जुना युक्तिवाद असा होता: ज्वाला जिथे पेटते तो सूर्याचा बाहेरचा थर, म्हणजे किरीट, अतिशय विरळ आहे. डाग ज्या थरात रुतलेले आहेत तो त्याच्या मानाने कित्येक कोटी पटींनी दाट. वर पतंग कटला म्हणून गच्ची हलते का? युक्तिवाद भक्कम वाटतो. क्रिमियातल्या वेधशाळेत सेवेर्नी यांनी १९६० च्या दशकात ज्वालेनंतर क्षेत्र बदलल्याचे सांगितले, तेव्हा फार कोणी ते मनावर घेतले नाही. संशयाला कारणही होते. चुंबकीय क्षेत्र मोजायचे ते वर्णपटातल्या रेघेवरून, आणि ज्वाला पेटली की ती रेघच विस्कटते. मोजणाऱ्याला वाटते क्षेत्र बदलले, प्रत्यक्षात बिघडलेली असते फूटपट्टी. असे खोटे बदल पुढेही वारंवार दिसले. ज्वाला विझली की ते विझतात.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर सौर वेधशाळेत हैमिन वांग यांच्या हाती वेगळे काही लागले. ज्वाला विझल्यावरही बदल तसाच राहत होता. शंका फिटायला मात्र पुष्कळ ज्वाला, आणि त्यांच्या आधीपासून नंतरपर्यंत अखंड चाललेली मोजमापे हवी होती. एका जागच्या दुर्बिणीला ते जमत नाही, तिथे रात्र पडते.

ही उणीव भरून काढणाऱ्या साखळीतला एक दुवा गुजरातच्या शेजारी राज्यात आहे. उदयपूरच्या फतेहसागर तलावातल्या बेटावर अरविंद भटनागर यांनी १९७५ च्या सुमारास सौर वेधशाळा उभी केली. बिग बेअरचीच प्रेरणा घेऊन, म्हणून तीही तळ्यात. उन्हाने जमीन तापते, वरची हवा थरथरते आणि सूर्याची प्रतिमा हलू लागते. भोवती पाणी असले की हा त्रास कमी. पुढे ही वेधशाळा अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेकडे आली. जगाभोवती सहा ठिकाणी एकसारख्या दुर्बिणी बसवून सूर्यावर चोवीस तास नजर ठेवणारे ‘गाँग’ नावाचे जाळे १९९५ पासून चालू आहे. त्यातली एक दुर्बीण उदयपूरला आहे. हवाईत सूर्य मावळतो तेव्हा ऑस्ट्रेलिया, मग उदयपूर, मग कॅनरी बेटे, अशी पाळी फिरत राहते.

जेफ्री सुडोल आणि जॅक हार्वी यांनी २००५ साली या जाळ्याच्या नोंदींतून सर्वांत बलवान गटातल्या पंधरा ज्वाला निवडल्या आणि प्रत्येक जागेचे क्षेत्र मिनिटामिनिटाने काढले. आलेखात पायरी दिसली. ज्वालेपूर्वी एक पातळी, ज्वालेच्या वेळी उडी, आणि नंतर कायमची दुसरी पातळी. उडी साधारण ९० गॉसची, बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत पुरी होणारी. पंधराच्या पंधरा ज्वालांत कुठे ना कुठे अशी पायरी सापडली. विस्कटलेली रेघ ज्वालेबरोबर सावरते, ही पायरी सावरत नव्हती.

गच्ची हलली होती तर.

२०१० मध्ये नासाचा एसडीओ उपग्रह सूर्याकडे पाहू लागला आणि क्षेत्राची नुसती ताकद नव्हे, दिशाही सतत कळू लागली. १५ फेब्रुवारी २०११ रोजी, सुरतेत सकाळचे सव्वासात वाजले असताना, एका मोठ्या डागसमूहात ज्वाला पेटली. जिथे उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे प्रदेश एकमेकांना भिडतात त्या सीमारेषेवर आडवे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या तासात सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. रेषा उभारलेल्या होत्या, त्या खाली दबल्या. हाच नमुना पुढे कितीतरी ज्वालांत आढळला.

कारण ह्यू हडसन या शास्त्रज्ञाने आधीच सुचवून ठेवले होते. वरची ऊर्जा गेली म्हणजे वरचा फुगारा गेला, मग उरलेल्या कमानी आक्रसणार आणि खाली बसणार. सायकलच्या ट्यूबमधली हवा जावी तसे. फिरकी धरणाऱ्यालाही हे न पाहता कळते. पतंग कटल्याचे डोळ्यांना दिसायच्या आत त्याची खबर बोटांना लागते, कारण मांजाचा ताण एकदम बदलतो.

डागाच्या रूपावरही याचा परिणाम होतो, आणि इथे कॅरिंग्टनचे चित्र पुन्हा आठवते. समूहाच्या बाहेरच्या कडेची उपच्छाया, एव्हरशेडची ती तंतूंची झालर, ज्वालेनंतर तासाभरात विरळ होते, कधी पुसली जाते. मधला, सीमारेषेलगतचा भाग मात्र अधिक गडद होतो. बाहेरच्या रेषा ताठ उभ्या राहिल्याने झालर जाते, आतल्या आडव्या झाल्याने आतला भाग दाटतो. कॅरिंग्टनने ताडून पाहिले ते भडका ओसरताच, डोळ्यांनी आणि पेन्सिलीने. एवढा सूक्ष्म फरक तिथे सापडणे कठीणच होते. त्याला दोष देता येत नाही. त्याच्या एका सरळ निरीक्षणाला नियम मानून बसलेल्यांना थोडा देता येतो.

मराठीत म्हण आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सूर्यावर ती निम्मीच लागू पडते. किरीटातला पीळ ज्वालेत सुटतो, त्यातूनच तर ऊर्जा येते. पण खाली, सीमारेषेच्या अगदी लगत, पुष्कळदा उलटे दिसले आहे. तिथल्या रेषा ज्वालेनंतर अधिकच तिरक्या, अधिकच आवळलेल्या आढळल्या. वांग यांच्या पहिल्या निरीक्षणांना लोक बिचकले ते यामुळेही. ऊर्जा खर्च झाल्यावर पीळ वाढलेला कसा? उत्तर असे की वरून दाब आल्याने पिळलेला भाग खाली, मोजणाऱ्या थरात, चेपला जातो. एकूण हिशेबात ऊर्जा घटलेलीच असते.

सर्वांत नवलाचे दृश्य २२ जून २०१५ चे. भारतात तेव्हा जवळजवळ मध्यरात्र होती, कॅलिफोर्नियात लख्ख दिवस. बिग बेअरच्या १.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीत एक डाग स्थिर धरलेला होता आणि त्याच्यावरून ज्वालेचा तेजस्वी पट्टा सरकत गेला. पट्टा डागाच्या ज्या भागावर पोचे, तो भाग तेव्हाच फिरू लागे. उरलेला आपल्या जागी. पट्टा पुढे सरकला की पुढचा भाग फिरे. काही क्षणी वेग तासाला ५० अंशांपर्यंत गेला, एरवीच्या मंद फिरण्याच्या कितीतरी पट. पृथ्वीएवढ्या आकाराची दाट वस्तू वरच्या विरळ थरातल्या घडामोडीने फिरवली गेली. त्यातही अख्खी एकदम फिरली नाही. कणिक मळताना तळवा दाबेल तिथेच ती वळते, तसे काहीसे झाले. चांग लिऊ आणि सहकाऱ्यांनी हे २०१६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि डाग फिरतो म्हणून ज्वाला पेटते या नेहमीच्या क्रमाची दुसरी बाजू उघडी पडली.

हा हिसका डागांच्या खालीही उतरतो. ९ जुलै १९९६ च्या ज्वालेनंतर सूर्याच्या पृष्ठभागावर, पाण्यात दगड पडावा तशी, वर्तुळाकार तरंग पसरत गेलेले सोहो यानाने टिपले. अलेक्झांडर कोसोविचेव्ह आणि व्हॅलेंटिना झार्कोवा यांनी ते शोधून १९९८ मध्ये जाहीर केले. भूकंपाच्या मापाने तो हादरा ११.३ चा भरला. पृथ्वीवर एवढा भूकंप आजवर नोंदला गेलेला नाही. गंमत म्हणजे प्रत्येक मोठ्या ज्वालेने असा सूर्यकंप होत नाही. कितीतरी प्रचंड ज्वाला मुकाट विझतात आणि त्यांच्याहून लहान ज्वाला कंप उठवतात. चुंबकीय रेषांचे दबणे हे त्याचे कारण की वरून आदळणारे वेगवान कण, हा वाद अजून चालू आहे.

वाद सोडवायचा तर पेच आणि गच्ची यांच्या मधला मांजा पाहायला हवा, म्हणजे किरीट आणि डाग यांच्यामधला थर. त्यावर नजर ठेवणारे एक उपकरण पुण्यात तयार झाले. आयुका या संस्थेत दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली बनलेली ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यानातून निघाली आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचली. बरेचसे अतिनील किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत, त्यामुळे उदयपूरला कितीही चांगले तळे असले तरी हे काम जमिनीवरून होण्यासारखे नाही. जागेवर पोचल्याला दोन महिने व्हायच्या आत, भारतीय वेळेप्रमाणे २३ फेब्रुवारीच्या पहाटे चारच्या सुमारास, सूर्यावर एक्स ६.३ प्रतीची ज्वाला पेटली. एक्स म्हणजे सर्वांत वरचा वर्ग. ‘सूट’ने ती खालच्या थरांपासून पेटताना टिपली. ‘सूट’ स्वतः चुंबकीय क्षेत्र मोजत नाही. त्यासाठी एसडीओच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात आणि दोन्हींच्या वेळा सेकंदाच्या हिशेबात जुळवाव्या लागतात. शेकर्लीचे गाडे अडले होते तेही वेळेवरच.

सुरतेतून बुधाचे अधिक्रमण पुन्हा दिसणार आहे १३ नोव्हेंबर २०३२ रोजी. दुपारी बारा वाजून गेल्यावर बुध बिंबावर येईल आणि साडेचारनंतर बाहेर पडेल, सगळे सूर्य वर असतानाच. दुर्बिणीतून प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली की तापीकाठच्या कुठल्याही गच्चीवरून पाहता येईल. त्या दिवशी सूर्यावर डाग असले तर दोघांतला फरक कागदावरच कळेल. बुध बिनझालरीचा, कडा कोरून काढल्यासारख्या, गोल. डागाभोवती फिकट झालर असेल, किंवा नुकतीच ज्वाला पेटून गेली असेल तर एका बाजूने ती पुसट झालेली असेल. बुध संध्याकाळच्या आत निघून जाईल. डाग दुसऱ्या दिवशीही तिथेच असतील, थोडे पश्चिमेला सरकलेले.